अतिशीत प्रयोगशाळा आणि निळ्या गणवेशातील मुले

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आपल्यापैकी अनेकांनी ॲल्युमिनियमचा एक जाड, गोल कॅन पाहिला असेल. डॉक्टर त्याचे बूच उचलतात, पांढरे धुके काठावरून खाली ओघळते आणि चिमट्याने कृत्रिम रेतनाची कांडी वर येते. त्या कॅनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचे द्रव नत्र असते. उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर गेला तरी आतले नत्र दिवसच्या दिवस टिकते, कारण कॅनची भिंत दुहेरी असते आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते. ही युक्ती लंडनच्या जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये योजली. आपल्या घरातील थर्मासही तिचाच वंशज होय.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. विद्यालयाच्या स्मरणिकेत आम्ही विज्ञानाच्या प्रांतात पाऊल का टाकावे, असा प्रश्न माजी विद्यार्थ्यांना पडेल. परंतु अतिशीत तापमानात उपकरणे कशी चालविली गेली, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण अखेर माणसांच्या इतिहासापाशी, किंबहुना एका शाळेच्या इतिहासापाशी येऊन पोहोचतो. ती शाळा हॉलंडमधील लायडन या गावची.

लायडन विद्यापीठात १८८२ मध्ये हाइके कामर्लिंग ओनेस हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. मोजण्यातून जाणण्याकडे जावे, हे त्यांचे ब्रीद होते. वायूंचे गुणधर्म अत्यंत कमी तापमानात मोजावयाचे, हा त्यांचा संकल्प. तो तडीस नेताना चार अडचणी उभ्या राहिल्या. त्या समजून घेतल्या म्हणजे या कामाचे स्वरूप ध्यानात येते.

पहिली अडचण थंडी निर्माण करण्याची. दाबलेला वायू बारीक छिद्रातून सोडला की तो सहसा थंड होतो. हायड्रोजन व हेलियम यांचे तसे नाही. ते आधीच पुरेसे थंड नसतील, तर याच क्रियेत उलट किंचित तापतात. म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी उतरावे लागते. लायडनला मिथिल क्लोराइडच्या साहाय्याने एथिलीन, एथिलीनच्या साहाय्याने ऑक्सिजन आणि मग हवा, असे एकेक वायू द्रवरूप केले गेले. द्रव हवेने थंड केलेला हायड्रोजन उणे २५३ अंशांवर द्रव झाला, आणि द्रव हायड्रोजनने थंड केलेल्या हेलियमसाठी उणे २६९ अंशांपर्यंत जावे लागले. प्रत्येक पायरीला स्वतंत्र पंप, स्वतंत्र नळ्या, स्वतंत्र झडपा. यांतील एक पायरी निसटली की पुढचे काहीच साधत नाही.

दुसरी अडचण थंडी टिकविण्याची. द्रव हेलियम इतका नाजूक की एक वॅट एवढी अल्प उष्णता आत शिरली तरी तासाभरात सुमारे १.४ लिटर द्रव उडून जातो. तेवढ्याच उष्णतेने उकळते पाणी तासात जेमतेम दीड ग्रॅम आटते. म्हणून लायडनमध्ये काचेची पात्रे एकात एक बसविली. सर्वांत आत हेलियमचे पात्र, त्याभोवती द्रव हायड्रोजन, त्याभोवती द्रव हवा, आणि सर्वांत बाहेर कोमट अल्कोहोल, जेणेकरून काचेवर दव गोठून आतले दिसेनासे होऊ नये.

तिसरी अडचण पदार्थांच्या बदलत्या स्वभावाची. या थंडीत रबर काचेसारखे फुटते आणि वंगण घट्ट होऊन बसते. धातू आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे त्यांचा सांधा तडकतो. आपण श्वासात घेतो ती हवासुद्धा गोठून दगडासारखी होते. हेलियममध्ये तिचा अंश राहिला, तर तो बारीक नळीत गोठतो आणि वाट बंद होते. वाट बंद झाली की दाब वाढतो, आणि वाढलेला दाब काचेच्या यंत्रात जिवावर बेतू शकतो. म्हणून वायूची शुद्धता हाच तेथे सुरक्षेचा पहिला नियम असे.

चौथी अडचण मोजण्याची. आपल्या ओळखीच्या तापमापीतील पारा उणे ३९ अंशांच्या आसपासच गोठतो. तेथे मग हेलियम वायूच्याच दाबावरून तापमान काढणारी तापमापी वापरली गेली. विद्युत मापनासाठी आत नेलेली प्रत्येक तार बाहेरची उष्णता आत आणते, म्हणून तारा बारीक व लांब ठेवाव्या लागतात. नाजूक विद्युत्‌मापी तर पंपांच्या धडधडीने थरथरतो, म्हणून तो दूरच्या वेगळ्या खोलीत ठेवावा लागे.

या चारही अडचणी एकट्या प्राध्यापकाने सोडवाव्यात, हे अशक्य होते. त्यासाठी काच फुंकणारे, धातू कातणारे, झडपा घासून अचूक बसविणारे हात हवे होते. असे हात तयार मिळत नाहीत, ते घडवावे लागतात, हे कामर्लिंग ओनेस यांनी ओळखले. १९०१ मध्ये त्यांनी उपकरणकारांच्या प्रशिक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. तेथील मुले प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करीत आणि काम करता करता शिकत. त्यांचा गणवेश निळा असे, म्हणून ती ‘निळी मुले’ या नावानेच ओळखली जात. ती शाळा आजही लायडनमध्ये चालू आहे.

१० जुलै १९०८ हा या सर्व तयारीच्या कसोटीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी ७५ लिटर द्रव हवा सिद्ध केली होती. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारी दीडपर्यंत २० लिटर द्रव हायड्रोजन हाती आला, आणि मग हेलियमचे चक्र सुरू झाले. सायंकाळ झाली तरी पात्रात काही दिसेना. तापमापीचा आकडा मात्र एका जागी स्थिर झाला होता, जणू ती द्रवात बुडालेली असावी. तेव्हा भेटीस आलेल्या एका सहकाऱ्याने पात्रावर खालून प्रकाश टाकण्याची सूचना केली. तसे करताच द्रवाची कड सुरीच्या धारेसारखी स्पष्ट दिसली. जगातील पहिला द्रव हेलियम जेमतेम ६० घनसेंटिमीटर भरला. यंत्राची उभारणी तंत्रज्ञ गेरिट यान फ्लिम यांची, काचकाम ऑस्कर केसेलरिंग यांचे. शोधनिबंधात प्राध्यापकांनी दोघांचेही ऋण व्यक्त केले. पुढे १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र एकट्या प्राध्यापकांना.

त्यानंतर तीन वर्षांनी, ८ एप्रिल १९११ रोजी, याच मंडळींनी काचेच्या बारीक नळ्यांतील पारा द्रव हेलियममध्ये थंड केला. फ्लिम आणि प्राध्यापक शीतयंत्रापाशी होते, कॉर्नेलिस डॉर्स्मन तापमान पाहत होते, गिलेस होल्स्ट दूरच्या खोलीत विद्युत्‌रोध मोजत होते. पाऱ्याचा रोध जवळजवळ शून्यावर आला. अतिवाहकतेचा हा पहिला साक्षात्कार होता. आज मोठ्या रुग्णालयांतील एमआरआय यंत्राचे चुंबक याच गुणधर्मावर चालते, आणि त्याची वेटोळी द्रव हेलियममध्येच बुडालेली असतात. या शोधाच्या निबंधावर लेखक म्हणून होल्स्ट यांचे नाव नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते सांगतो. या शोधाविषयी एक आख्यायिका अनेक वर्षे सांगितली गेली. शीतपात्रातील दाबावर लक्ष ठेवण्याचे काम एका निळ्या मुलाकडे होते. त्याला डुलकी लागली, दाब वाढला, तापमान चढले आणि रोध एकाएकी परत उसळला. तेव्हा कुठे साहेबांना कळले की काही अद्भुत घडते आहे. गोष्ट मोठी गोड आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने गोष्ट गोड आहे म्हणून स्वीकारू नये, मूळ कागद पाहावा. पुढे संशोधकांनी प्राध्यापकांच्या पेन्सिलीने लिहिलेल्या, वाचावयास अवघड अशा वह्या वाचल्या. निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, मोजलेले तापमान ४.०० अंशांवर असताना रोध नाही, ४.०५ वरही नाही, ४.१२ ला तो दिसू लागला, अशी पायरीपायरीची नोंद त्यांत आहे. तापमान हेतुपुरस्सर, सावकाश चढविले गेले होते. डुलकीचा तेथे मागमूस नाही.

हे वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. ज्या मुलांनी पंप चालविले, नळ्या फुंकल्या, घड्याळाकडे न पाहता दाब सांभाळला, त्यांच्यातील एकच मुलगा जगाच्या लक्षात राहिला, आणि तोही न केलेल्या चुकीसाठी. त्याला नाव नाही. त्याच्या जागरणाची गोष्ट कोणी रचली नाही, झोपेची मात्र रचली. हे हॉलंडात घडले, परंतु ऐकताना आपल्याला परके वाटत नाही. हाताने काम करणाऱ्याला ज्ञानाच्या उंबरठ्याबाहेर उभे करण्याची आणि त्याच्या आळसाच्या कहाण्या सांगण्याची रीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली आहे.

तरीही लायडनचा धडा केवळ कडू नाही. एका प्राध्यापकाने ओळखले की हात शिकले तरच विज्ञान पुढे जाते, आणि त्यासाठी त्याने शाळा उभारली, म्हणूनच उणे २६९ अंशांपर्यंत माणूस पोहोचला. पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलगी आयटीआयला गेली किंवा मुलगा प्रयोगशाळा सहायक झाला, तर ते शिक्षण दुय्यम मानू नका. आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपण जेथे कोठे काम करीत असाल, तेथील वहीत सोबत काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा. शंभर वर्षांनी कोणी इतिहासाचा विद्यार्थी ती वही उघडेल, तेव्हा त्याला नाव सापडले पाहिजे.