मातीतील जीवसृष्टी आणि शेतातील यंत्रे

पंजाबात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. भूजल वाचविण्यासाठी 2009 च्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलल्यापासून ही मुदत अधिकच आखडली आहे. कंबाईन हार्वेस्टर लोंब्या कापून पुढे जातो. मागे उभे खुंट आणि पेंढा उरतो. साध्या पेरणीयंत्रात तो अडकतो, म्हणून शेत पेटविले जाते. धुराची चर्चा दिल्लीपर्यंत पोहोचते. मातीच्या वरच्या थरातील जीवाणू व बुरशी होरपळतात आणि ज्यावर त्यांचे पोषण व्हायचे तो पेंढाही जळतो, याची चर्चा सहसा होत नाही.

वास्तविक हानीला आरंभ होतो तो चिखलणीपासून. साचविलेल्या पाण्यात ट्रॅक्टर फिरला की मातीची घडण मोडते, हवेच्या पोकळ्या बुजतात आणि नांगरटीच्या खोलीखाली कठीण थर तयार होतो. भाताला तो सोयीचाच, कारण पाणी मुरत नाही. परंतु प्राणवायूवाचून गांडुळे टिकत नाहीत, मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशीही क्षीण होते. आणि पुढे गव्हाची मुळे त्याच थरापाशी अडतात.

साठच्या दशकापर्यंत पंजाबात हरभऱ्याचे क्षेत्र मोठे होते. त्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणीत. आज हे पीक तेथे नगण्य आहे. हमीभावाने खरेदीची शाश्वती भात-गव्हालाच असल्याने शेतकऱ्याला दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल.

पंजाब कृषी विद्यापीठ व ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ यांच्या सहकार्यातून साकारलेले ‘हॅपी सीडर’ हे यंत्र खुंट कापून गहू पेरते आणि पेंढा आच्छादन म्हणून पसरते. त्याखाली ओल टिकते, गांडुळांना खाद्य मिळते. वर्षातून काही आठवडेच लागणारे हे यंत्र एकट्याने घेणे परवडत नाही. केंद्राच्या 2018 च्या योजनेत वैयक्तिक खरेदीस 50 टक्के, तर भाडेतत्त्वावरील यंत्रकेंद्रांस 80 टक्के अनुदान होते, ते याचसाठी.

तथापि पुढल्या जूनमध्ये पुन्हा चिखलणी होते व तो थर पुन्हा घट्ट होतो. भाताच्या थेट पेरणीने चिखलणी टळते, पण तण माजते आणि हलक्या जमिनीत रोपे लोहाअभावी पिवळी पडतात. त्यामुळे अनेक शेतकरी अद्याप लावणीच पसंत करतात.