खाडा

पालकहो, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक कॅलेंडर लटकत असेल. तारखांच्या चौकोनात पेनाने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असेल. ‘सिलिंडर लावला’, ‘लाइट बिल भरलं’, आणि मधूनमधून ‘दूध खाडा’. महिना संपला की आपण खाडे मोजतो, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा करतो आणि उरलेले दूधवाल्याच्या हातावर ठेवतो. एका खाड्यापायी कुणी रतीब बंद केल्याचं मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पातेलं पुन्हा दाराशी तयार असतं.

‘खाडा’ हा शब्द आज मला तुमच्या मुलांसाठी मागायचा आहे.

एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. पालकसभेत एक तक्रार दरवर्षी ऐकू यायची, जूनमध्ये नव्या वह्यांना खाकी कव्हरं घालून झाली की आठवड्या-पंधरा दिवसांनी. ‘बाई, सुरुवात अगदी जोरात करतो हो, पण टिकत नाही.’ मूल शेजारीच उभं असायचं, मान खाली घालून. मग कुणीतरी ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणायचं आणि कुणीतरी ‘आरंभशूर’. आपल्या भाषेत हे शब्द इतके तयार आहेत की ते उच्चारताना आपण काय करतो आहोत, याचा विचारही मनात येत नाही.

मीही ते उच्चारले आहेत. माझी मुलगी सातवीत होती. रोज एक पान इंग्रजी लिहायचं, असं तिनं स्वतःहून ठरवलं. अकरा दिवस लिहिलं. मग इमारतीत एक लग्न निघालं. हळद, मेंदी, पाहुणे यांत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला ती वही पलंगावर पडलेली दिसली आणि मी जाता जाता म्हटलं, ‘संपलं ना? आरंभशूर कुठली!’ ती काही बोलली नाही. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीच्या गठ्ठ्यात ती वही सापडली. अकरा पानं भरलेली होती. बाराव्या पानावर फक्त तारीख होती, मी बोलले त्या दिवसाची. म्हणजे त्या संध्याकाळी ती लिहायला बसली होती. तारीख घातली होती, आणि माझं वाक्य ऐकून वही मिटली होती.

ते बारावं पान मी अजून विसरलेले नाही. सवय लागण्यातला सगळ्यात नाजूक क्षण कोणता, असं कुणी विचारलं तर मी पहिला दिवस सांगणार नाही. पहिल्या दिवशी उत्साह असतोच. नाजूक असतो तो खाड्याच्या दुसऱ्या दिवसाचा क्षण. मूल अर्धवट तयार असतं, अर्धवट लाजलेलं असतं. त्या क्षणी घरात कोणतं वाक्य उच्चारलं जातं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. या आकड्याचं मूळ मोठं विचित्र आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर स्वतःचा बदललेला चेहरा सवयीचा व्हायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातलं ‘निदान’ गळून पडलं, चेहराही गळून पडला, आणि उरलेला आकडा आपण मुलांच्या अभ्यासाला, व्यायामाला आणि पहाटे उठण्याला लावत बसलो. बाविसाव्या दिवशी मूल उठलं नाही की आपल्याला वाटतं, याच्यातच काहीतरी कमी आहे.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट तपासून पाहिलं. शहाण्णव जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी सवय निवडली, ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली आणि बारा आठवडे नोंदी ठेवल्या. सवय अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे सहासष्ट दिवस लागतात, असं दिसलं. पण कुणाचं अठरा दिवसांत काम झालं, तर कुणाच्या बाबतीत हिशेब दोनशे चोपन्न दिवसांपर्यंत गेला. या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या वाटचालीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दूधवाल्याच्या बाबतीत आपण पिढ्यान् पिढ्या जे करत आलो, तेच हे.

मोबाइलवर भाषा शिकवणारी अ‍ॅप्स सलग किती दिवस झाले याचा आकडा दाखवतात. एक दिवस चुकला की बहुतेक वेळा आकडा शून्यावर येतो. मुलं तो शून्य मनाला लावून घेतात. वहीतली अकरा पानं मात्र शून्य होत नाहीत. ती लिहिलेली असतात, ते शब्द येऊ लागलेले असतात. हे मुलाला दाखवून द्यायचं काम आपलं आहे.

कसं दाखवायचं? ‘काल का नाही बसलास?’ हा प्रश्न आधी सोडून द्या. या प्रश्नाला मुलाकडे दोनच उत्तरं असतात, सबब किंवा खोटं. ‘आज किती वाजता बसतोयस?’ असं विचारा. याचं उत्तर एक वेळ असते, ‘साडेसात’, आणि तोंडातून वेळ निघाली की निम्मं काम झालेलं असतं. खाडा कॅलेंडरवर मुलानं स्वतःच्या हातानं लिहावा. लाल शाईनं नको, भोवती गोल नको. दुधाचा लिहितो तसाच.

खोट्याबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक आणि त्यांच्या सहकारी क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. मुलांना कोडी सोडवायला दिली. मग काहींना ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी दिली, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ अशी. पुढची कोडी मुद्दाम अवघड होती, त्यात सगळीच अडखळली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं मागे पडली, मेहनतीची मिळालेली पुढे गेली. आणि आपले गुण दुसऱ्या एका मुलाला लिहून कळवायला सांगितलं, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्या दहांतल्या जवळपास चार मुलांनी ते वाढवून लिहिले. न पाहिलेल्या, ओळख नसलेल्या मुलाशीही खरं बोलायची त्यांना लाज वाटली. मग ज्या आईवडिलांनी ‘आमचा हुशारच आहे’ असं नातेवाइकांत सांगून ठेवलं आहे, त्यांच्यापुढे खाडा कबूल करणं त्याला किती जड जात असेल!

नुसतं ‘मेहनत घे’ म्हणण्यानं जादू होत नाही, हेही सांगते. शाळेनं आणि घरानं मेहनतीला जागा द्यावी लागते, आणि ही जागा म्हणजे शब्दशः जागा आणि वेळ. पूर्वी अनेक घरांत दिवेलागणीला शुभंकरोती व्हायची, मागोमाग परवचा. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. सगळ्या घरांत हे भाग्य नव्हतं. कित्येकांच्या घरी पाटीच नव्हती, आणि जिथे होती तिथेही मुलीच्या हातात ती येईलच असं नव्हतं. त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यातली युक्ती मात्र उचलण्यासारखी आहे. परवचा घड्याळाला बांधलेला नव्हता, दिव्याला बांधलेला होता. दिवा लागला की पाढे. आठवण करून द्यायला कुणी लागत नसे.

तशी एक खुंटी तुमच्या घरात शोधा. दप्तर ठेवलं की डबा धुवायचा. जेवणाची ताटं उचलली की दहा मिनिटं वाचन. आधीपासून रोज घडणाऱ्या गोष्टीवर नवी सवय टांगायची. आणि ती इतकी लहान असावी की ताप उतरल्याच्या दिवशीही जमेल. एक परिच्छेद किंवा एक गणित. पाचपर्यंत शाळा, आठपर्यंत क्लास आणि त्यानंतर तासभर स्वाध्याय अशी अपेक्षा दहा वर्षांच्या मुलाकडून ठेवली, तर मोडेल ती सवय नव्हे, ते मूल.

सलग आठवडाभर खाडे पडत असतील, तर मात्र थांबून बघा. सहावीतला एक मुलगा रोजचं वाचन टाळायचा. घरी मार खायचा, वर्गात आमची बोलणी खायचा. शेवटी डोळे तपासले, तर मोठ्या नंबरचा चष्मा लागला. अक्षरं त्याला पुसटच दिसत होती. आम्ही सगळ्यांनी त्याला आळशी ठरवलं होतं.

आता तुमच्याबद्दल, कारण मुलं आपलं ऐकण्यापेक्षा आपल्याकडे बघतात. आमच्या शाळेत एका मुलाची आई अंगणवाडीत मदतनीस होती. तिचं शिक्षण आठवीत सुटलेलं. पुढची जागा मिळायची तर तेव्हा दहावी हवी होती, म्हणून तिनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. रात्री ओटा आवरला की त्याच ओट्यावर पुस्तक ठेवून ती उभ्यानंच वाचायची. बसलं की झोप येते, म्हणायची. भावाच्या लग्नाला माहेरी गेली आणि पंधरा दिवस पुस्तक उघडलं नाही. परत आल्यावर पहिल्याच रात्री मुलाला म्हणाली, ‘माझा पंधरा दिवस खाडा झालाय रे. कुठवर आले होते, शोधून दे.’ त्यानं पान शोधून दिलं. मार्चमध्ये तिचं गणित राहिलं. जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटलं. पुढच्या वर्षी तिच्या मुलाला घटक चाचणीत गणितात फार कमी गुण पडले. पेपर घेऊन तो माझ्याकडे आला. तो रडत नव्हता. त्यानं विचारलं, ‘बाई, कुठून परत सुरू करू?’ हा प्रश्न त्याला कुठल्याही पुस्तकानं शिकवला नव्हता.

अशी पुन्हा सुरुवात करावी लागलेल्यांत मोठी नावंही आहेत. दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी भर पावसात, कुंभार्ली घाटातून, शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेले. तिथे वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, आणि ते तसेच परत आले. पुढे १८८४ साली ते बी. ए. झाले, तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आजच्या हिशेबात ‘मागे पडलेले’. मुलाचं एक वर्ष हुकलं म्हणून अंथरूण धरणाऱ्या आईवडिलांना मी हे वय सांगते.

तुमचं सकाळचं चालणं सुटलं असेल, ऑफिसच्या बढतीसाठी लावलेला कॉम्प्युटरचा कोर्स अर्ध्यावर राहिला असेल, तर ते मुलांपासून लपवू नका. जेवताना सांगा, ‘माझा चार दिवस खाडा झाला, उद्या सहाला निघतो.’ आणि उद्या सहाला निघा.

आज रात्री मुलाची वही उघडली गेली नसेल, तर रागावू नका. त्याच्या हातात पेन द्या, कॅलेंडरवर आजच्या चौकोनात त्याला ‘खाडा’ लिहू द्या, आणि उद्या तो किती वाजता बसणार आहे, एवढंच विचारा.