माझाच आवाज मला उशिरा का ऐकू येतो?

प्रश्न : घरी अभंग रेकॉर्ड करावेत म्हणून मी ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माइक आणि हेडफोन घेतले. लॅपटॉप विंडोजचा आहे, सॉफ्टवेअर रीपर. गाताना माझाच आवाज कानात किंचित मागून येतो आणि लय सुटते. एका मित्राने ‘एएसआयओ फॉर ऑल’ टाकायला सांगितलं. त्याने उशीर कमी झाला, पण आता मधूनमधून टकटक आवाज येतो आणि रीपर चालू असलं की यूट्यूब मुकं होतं. दुकानदार म्हणतो, लॅपटॉप बदला. बदलू का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : लॅपटॉपचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. तुमच्या तक्रारी तीन आहेत. त्यांपैकी उशीर आणि टकटक यांचं मूळ एकच आहे. यूट्यूबच्या मौनाचं कारण निराळं आहे.

आधी उशीर. माइकमधून आलेला आवाज इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलतो. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० सॅम्पल तयार होतात, पण ती एकेक करून लॅपटॉपकडे जात नाहीत. तुमच्याकडची वडापची जीप आठवा. सीटा भरल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. (हा ड्रायव्हर जीपचा, दुसरा पुढे येतोच आहे.) इथे जीप म्हणजे बफर. बफर ५१२ सॅम्पलचा असेल तर ४४,१०० च्या दराने तो भरायला साधारण ११.६ मिलिसेकंद लागतात. मग लॅपटॉपमध्ये काम होतं आणि तोच आवाज हेडफोनकडे परत यायला तेवढीच आणखी एक खेप पडते. आकड्यांचा पुन्हा आवाज करण्यातही थोडा वेळ जातो. एकूण उशीर २५ मिलिसेकंदांच्या घरात सहज पोहोचतो.

हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे तुमचाच गळा तुम्हाला साडेआठ मीटरवरून ऐकू येतोय! शिवाय स्वतःचा आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतून तत्काळ ऐकू येत असतो, त्यामुळे कानातला उशिराचा आवाज जास्तच खटकतो. दहा मिलिसेकंदांच्या आतला उशीर बहुतेकांना जाणवत नाही. तबलजी मात्र त्याच्याही आधी कुरकुर करतात, आणि त्यांचं चूक नसतं.

मग बफर लहान करावा, हे ओघानेच आलं. १२८ सॅम्पलची जीप ३ मिलिसेकंदांच्या आत भरते. पण खेपा वाढतात. ५१२ ला सेकंदाला ८६ खेपा होत होत्या, त्या १२८ ला जवळजवळ ३४५ होतात. पुढची खेप येण्याआधी लॅपटॉपने हातातली खेप उरकलीच पाहिजे. एखादी वेळेत उरकली नाही, तर त्या जागी आवाजात खळगा पडतो आणि तो ‘टक्’ असा ऐकू येतो. मित्राचा सल्ला मानल्यावर उशीर घटला आणि टकटक आली ती अशी. बफर कमीत कमी ठेवावा हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. गाताना तो लहान असावा. गाणं रेकॉर्ड झाल्यावर मिक्सिंग करताना खुशाल १०२४ करावा, कारण तेव्हा उशिराचा त्रास कुणालाच नसतो.

आता दुसरा ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि विंडोज यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम. विंडोज आपल्या नेहमीच्या वाटेने सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळते. यूट्यूब, मेल आल्याची घंटी आणि तुमचा अभंग, सगळं एकाच हंड्यात. त्या मिसळण्यात वेळ जातो. तो टाळण्यासाठी क्यूबेस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली एएसआयओ ही पद्धत काढली. तीत रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी बोलतं. मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही व्यवस्था मुळातच असल्यामुळे तिथल्या लोकांना हा प्रश्न फारसा पडत नाही.

‘एएसआयओ फॉर ऑल’ हे नाव ऐकून ते सर्वांत भारी ड्रायव्हर असावं असं वाटतं. तसं नाही. ज्या उपकरणाला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही, त्याच्या विंडोज ड्रायव्हरवर ते एएसआयओचा मुखवटा चढवतं. अशा उपकरणासाठी ते वरदानच आहे. पण तुमच्या इंटरफेसच्या कंपनीने स्वतःचा ड्रायव्हर दिला असेल, आणि बहुतेक कंपन्या देतात, तर तोच घ्यावा.

शिवाय हा मुखवटा उपकरण एकट्याच्या ताब्यात घेतो. रीपर सुरू असेपर्यंत यूट्यूबला इंटरफेस मिळतच नाही. उलटंही होतं. ब्राउझर आधी उघडा असेल तर रीपरच उपकरण सापडत नसल्याची तक्रार करतं, आणि माणूस यूएसबीची वायर हलवत बसतो.

म्हणून ‘एएसआयओ फॉर ऑल’ काढून टाका. कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. माहितीपत्रकात वेगळं सांगितलं नसेल, तर तो बसवताना इंटरफेसची वायर काढून ठेवा आणि लॅपटॉप रीस्टार्ट झाल्यावर लावा. वायर थेट लॅपटॉपला लावा, हबमधून नको. मग रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, त्यात डिव्हाइस इथे एएसआयओ निवडून कंपनीच्या ड्रायव्हरचं नाव निवडा. यातले बरेच ड्रायव्हर विंडोजचे आवाजही सोबत वाजू देतात. अट एवढीच की दोन्हीकडचा सॅम्पल रेट सारखा हवा. तरीही यूट्यूब गप्पच राहिलं, तर याच प्रेफरन्सेसमध्ये एक खूण आहे. ती केली की काम थांबवून दुसऱ्या खिडकीत गेल्यावर रीपर उपकरण मोकळं करतं.

हा रेट गायकाने विशेष जपावा. ४४,१०० ला रेकॉर्ड केलेला आवाज चुकून ४८,००० च्या दराने वाजला तर तो जलद होतो आणि जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. मग लोक तानपुऱ्याच्या ॲपला दोष देतात.

टकटक अजूनही येत असेल, तर आधी एक पारख करा. रेकॉर्ड झालेला तुकडा दोनदा वाजवा. दोन्ही वेळा त्याच जागी टक् झालं तर दोष रेकॉर्डिंगमध्येच शिरला आहे. जागा दर वेळी बदलत असेल तर रेकॉर्डिंग शाबूत आहे, अडचण फक्त वाजवताना येते आहे. तेव्हा बफर वाढवला की काम भागतं. वरच्या सुरात गातानाच खरखर होत असेल आणि इंटरफेसवर लाल दिवा लागत असेल, तर ड्रायव्हरला बोल लावू नका. गेन खाली करा. २४ बिटला रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही.

गाताना उशीर टाळण्याचा खरा उपाय तुमच्या समोरच असण्याची शक्यता आहे. बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण किंवा खुंटी असते. ती वळवली की माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर कितीही असो. मात्र रीपरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर एक आवाज आत्ताचा आणि एक मागून आलेला, असे दोन ऐकू येतील. कानात थोडा रिव्हर्ब असल्याशिवाय गाता येत नाही, अशी अनेकांची सवय असते. त्यांनी रीपरमधून मूळ आवाज वगळून नुसता रिव्हर्ब ऐकावा. रिव्हर्ब तसाही मागूनच यायचा असतो, त्यामुळे थोडा उशीर झालेला कळत नाही. हेडफोन मात्र वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये उशीर बऱ्याचदा १०० मिलिसेकंदांच्या पुढे असतो आणि त्यावर कुठलाच ड्रायव्हर चालत नाही.

राहिला लॅपटॉप. जास्त रॅम घातल्याने उशीर आपोआप कमी होत नाही. अडतं ते बहुधा दुसरीकडेच. वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर क्षणभर प्रोसेसर अडवून धरतो आणि तेवढ्यात तुमची खेप चुकते. लेटन्सीमॉन हा छोटा प्रोग्रॅम काही मिनिटं चालू ठेवला तर कोणता ड्रायव्हर अडवतोय ते नावानिशी दाखवतो. बॅटरी सेव्हर बंद करा, चार्जर लावा आणि गाण्यापुरतं वाय-फाय बंद ठेवून पाहा. चार्जर लावल्यावर बारीक घुंई असा आवाज सुरू झाला तर तो विजेचा दोष आहे. तेव्हा तेवढी टेक बॅटरीवर घ्या, बॅटरी सेव्हर न लावता. हे सगळं करून, बफर १०२४ वर ठेवून आणि एकही इफेक्ट न लावता साधा एक ट्रॅकसुद्धा टकटक करत असेल, तर इंटरफेस मित्राच्या लॅपटॉपला लावून बघा. तिथे तो निमूट चालला, तरच दुकानदाराकडे जा.