जागा हिसकावली, असं मुलांपुढे म्हणू नका

आईबाबांनो, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत मूल आठवीत गेलं की घरातलं बोलणं कशाभोवती फिरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'टीजे'. थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. 1985 पासून विज्ञानाची खास शाळा, तीही सरकारी, म्हणजे फी नाही. तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला छोटा उपग्रह 2013 मध्ये अवकाशात गेला. अशा शाळेची ओढ वाटणारच. मला बोलायचंय ते नकार आल्यावर घरात काय बोललं जातं त्याबद्दल.

ऑक्टोबर 2020 मध्ये शाळा मंडळाने प्रवेशपरीक्षा आणि 100 डॉलरचं अर्जशुल्क काढून टाकलं. डिसेंबरमध्ये प्रत्येक मिडल स्कूलला तिच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखून ठेवल्या. पुढच्याच तुकडीत आशियाई मुलांचं प्रमाण सुमारे 73 टक्क्यांवरून 54 वर आलं. पालक न्यायालयात गेले, 2022 मध्ये जिंकले, 2023 मध्ये अपिलात हरले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

तुमचा राग खोटा नाही. मुलांनी वर्षानुवर्षं शनिवार-रविवार क्लासमध्ये घालवले आणि ऐन वेळी नियम बदलले. मंडळाच्या सदस्यांचे आपसातले संदेश न्यायालयापुढे आले, त्यात या साऱ्यामागे आशियाईविरोधी सूर जाणवतो असं खुद्द एका सदस्याने लिहिलं होतं. हे वाचून कुणाला वाईट वाटणार नाही?

पण 'तुझी जागा त्यांनी हिसकावली' हे वाक्य मुलाच्या कानावर पडलं की ते दप्तराबरोबर शाळेत जातं. तिथे 'त्यांनी' म्हणजे शेजारच्या बाकावरची कृष्णवर्णीय मुलगी असते.

त्या मुलीच्या आजीची हकिकत मुलांना कोण सांगणार? 1954 पर्यंत या काउंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी हायस्कूलच नव्हतं. पुढे शिकायचं तर वॉशिंग्टनला किंवा मनासासला जावं लागे, रोज, लांबच्या बसने. गोऱ्या मुलांची शाळा घराजवळ असली तरी तिथे प्रवेश नसे. ल्यूथर जॅक्सन हायस्कूल उघडलं ते 1954 च्या सप्टेंबरात, म्हणजे वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला त्याच वर्षी, आणि तेही वेगळंच, फक्त कृष्णवर्णीयांसाठी. काउंटीतले वेगळे वर्ग पुरते मोडायला आणखी दहाएक वर्षं गेली. आपण इथे आलो ते बहुतेक त्यानंतर. त्या अन्यायात आपला हात नव्हता हे खरं, पण नंतर उघडलेल्या दारातूनच आपण आत आलो. टीजेच्या जुन्या प्रवेशपद्धतीच्या शेवटच्या तुकडीत, साडेचारशेहून जास्त मुलांमध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थी दहासुद्धा नव्हते. एवढ्या मोठ्या काउंटीत हुशार मुलं तेवढीच होती, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणखी एक आकडा आपल्या गप्पांत कधी येत नाही. 2020 मध्ये निवड झालेल्यांत गरीब घरातलं आशियाई मूल एकच होतं. 2021 मध्ये अशी 51 होती. ती मुलंही आपलीच ना? त्यांच्या आईबाबांना क्लासची फी परवडत नव्हती, एवढाच फरक.

नव्या पद्धतीत खोट नाही असं मी म्हणत नाही. परीक्षा साफ काढून टाकण्याऐवजी ती सगळ्या शाळांत, शाळेच्याच वेळात, फुकट घेता आली असती असं मला अजूनही वाटतं. हे मत तुमचंही असेल तर मंडळाच्या सभेत जाऊन मांडा. मुलाला बरोबर न्या; आईबाबा मतभेद कसा मांडतात हे त्याला बघू द्या.

नकार आलाच, तर आधी मुलाला जेवू घाला आणि त्या दिवशी कुणाच्याही मुलाच्या निकालाचा फोन घेऊ नका. मग त्याच्या भागातल्या हायस्कूलमध्ये कोणते विषय आहेत, कोणते क्लब आहेत, ते त्याच्याबरोबर बसून बघा. अ‍ॅडव्हान्स्ड अभ्यासक्रम तिथेही आहेत. दहावीसाठी टीजेला पुन्हा अर्ज करता येतो. करायचा की नाही, ते त्याला ठरवू द्या.