सरळ कामट्यांचा तारा फुगतो कसा?

प्रश्न : गेल्या नाताळात वसईला मैत्रिणीकडे गेले होते. तिथे घरोघरी अंगणात बांबूचे आणि रंगीत कागदाचे तारे लावलेले, आत दिवा. कामट्या तर सरळ असतात, मग तारा दोन्ही बाजूंनी फुगीर कसा होतो? यंदा मुलांना घेऊन करायचा आहे. जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्की जमेल. तुम्हाला दिसला तो तारा एक नसतो, पाठीला पाठ लावून बांधलेले दोन सपाट तारे असतात. दोघांची पाचही टोके एकमेकांना घट्ट बांधायची आणि मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी आखूड काड्यांचे टेकू उभे करायचे. टोके बांधलेली, पोट मात्र ढकललेले. त्यामुळे कामट्या धनुष्यासारख्या बाहेर वाकतात आणि तारा फुगतो.

म्हणजे कामट्या दहा लागतील, सगळ्या एकाच लांबीच्या आणि जाडीच्या. एखादी जाड निघाली तर ती कमी वाकते आणि तारा एका अंगाला कलतो, म्हणून चाकूने तासून सारख्या करून घ्या. बांबू फार वाळलेला नको. टेकू लावताना तडकतो. कामटी ९० सेंटिमीटरची असेल तर दोन्ही टोकांपासून साधारण साडेचौतीस सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करा. पंचकोनी ताऱ्यात रेषा एकमेकींना सुवर्ण गुणोत्तरात छेदतात, त्यामुळे छेद नेहमी लांबीच्या ०.३८२ पटीवर येतो. खुणेवर खूण बसवली की तारा आपोआप सुबक येतो. प्रत्येक कामटी एका छेदावर वरून आणि दुसऱ्यावर खालून न्या, मग दोऱ्याने बांधा. मुलांना भूमिती हातात धरायला देण्याची अशी संधी सोडू नका.

एवढ्या ताऱ्याला टेकू १५ सेंटिमीटरचे पुरतात. पाचही बसवल्यानंतरच कागद चिकटवा, आधी नाही.

कागद पतंगाचा घेतला तर उजेड सर्वांत सुंदर, मऊ पसरतो. पण उघड्या अंगणात डिसेंबरचे दव पडते आणि सकाळी तो कागद लोंबतो. म्हणून पतंगाचा कागद पडवीत किंवा छपराखाली. उघड्यावर जिलेटिनचा कागदच बरा. खळही दवाने सुटते, तेव्हा बाहेर चिकटपट्टी वापरा. समोरचे भाग रंगीत आणि बाजूचे निमुळते त्रिकोण पांढरे ठेवले, तर ताऱ्याचा फुगीरपणा रात्री उठून दिसतो. खालच्या दोन पायांमधली एक फट उघडी ठेवा. दिवा तिथूनच आत जाईल.

दिव्याच्या बाबतीत मात्र हयगय नको. जुना ६० वॅटचा बल्ब कागदाच्या ताऱ्यात लावूच नका. त्यातली बहुतेक वीज उष्णताच होते. पाच-सात वॅटचा पिवळसर एलईडी भरपूर झाला. होल्डर टेकूंना आडव्या दोऱ्यांनी मधोमध बांधा, म्हणजे वाऱ्यात दिवा कागदाला टेकणार नाही. वायर खालून आत घ्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे दव होल्डरमध्ये शिरत नाही. वायरला अंगणात जोड नको, प्लग घरातच असू द्या आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ) आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या.

बेथलेहेमला मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा तारा मत्तयच्या शुभवर्तमानात येतो. दारातला तारा त्याचीच आठवण. गोव्यात त्याला नखेत्र म्हणतात. फिलिपिन्समधला पारोलही असाच, बांबू आणि कागदाचा. तिथल्या पांपांगा प्रांतातल्या सान फर्नांदोत तर माणसाच्या कितीतरी पट उंच कंदिलांची स्पर्धा भरते. आपल्याकडे ज्या हातांना दिवाळीचा आकाशकंदील बांधता येतो, त्यांना यात नवीन शिकायचे असे फक्त टेकूच आहेत.

६ जानेवारीला तीन राजांचा, म्हणजे याच मागी लोकांचा सण झाला की तारा उतरवा, कागद सोलून काढा आणि टेकू ओढून घ्या. सांगाडा पुन्हा सपाट होतो आणि कपाटामागे सहज मावतो. पुढच्या वर्षी फक्त कागद नवा.