सौर पंपाची परीक्षा

निमगाव केतकीस पानमळे पुष्कळ, आणि नागवेल ही तहान सोसणारी वेल नव्हे. म्हणून विहिरीवर सौर पंप बसवू इच्छिणाऱ्या बागायतदाराने ‘पाणी किती पडते?’ यापेक्षा ‘कोणत्या दिवशी पडत नाही?’ हे आधी विचारावे, असे आम्हांस वाटते.

पंप चालवून दाखवितात तो बहुधा चैत्रातील दुपारी. त्या उन्हात कोणता पंप पाणी देणार नाही? खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होय. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. पावसाचा मोठा वाटा येतो तो भाद्रपद-आश्विनात. तत्पूर्वी आभाळ दिवसचे दिवस भरलेले राहते, वारा सुटतो, पण पाऊस पडत नाही. ऊनही नाही व पाऊसही नाही, असा हा काळ वेलीस आणि पंपास एकदमच गाठतो.

परीक्षेस २०० लिटरचे पिंप व घड्याळ पुरे. सकाळी ९, दुपारी १२ व ४ वाजता पिंप किती सेकंदांत भरते ते वहीत लिहावे. पुढे आभाळाची स्थिती व विहिरीतील पाण्याची खोली लिहावी. नोंद जागेवरच करावी. पीकपाहणी घरी बसून लिहिण्याचे परिणाम आम्ही दप्तरात पुष्कळ पाहिले आहेत. खोलीची नोंद तर अगत्याची. एक युनिट विजेने, काहीही वाया न जाता, ३० मीटरवरून सुमारे १२,००० लिटर पाणी चढते. प्रत्यक्षात निम्म्यावर समाधान मानावे लागते. खोली ६० मीटर झाली की त्याचेही निम्मे. उन्हाळ्यात विहीर खाली गेल्याचा दोष पुष्कळदा पंपाच्या माथी बसतो तो यामुळेच.

पॅनेल मळ्यातील शेवरी-पांगाऱ्यापासून दूर असावेत. ते एका माळेत जोडलेले असतात. एकावर सावली पडली तरी माळेचे काम मंदावते.

२०२४ सालच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींस ५ टक्के रक्कम भरावयाची असून दुरुस्तीची हमी ५ वर्षांची आहे. हमी चांगली, पण वेल दिवस मोजते. आमच्या ओळखीच्या एका मळ्यात कंट्रोलर बंद पडला, दुरुस्तीस माणूस बाराव्या दिवशी आला. खर्च काही लागला नाही. वेल मात्र होरपळली.

तेव्हा वहीत सलग जितके मंद दिवस सापडतील तितक्या दिवसांचे पाणी टाकीत वा अस्तराच्या शेततळ्यात राखावे, आणि जुने डिझेल इंजिन निदान एक श्रावण जाईपर्यंत विकू नये.