स्पॅनिश गिऱ्हाइकाला ‘थांबा’ कसे म्हणावे?

सुमारे वीस देशांचा कारभार स्पॅनिश भाषेत चालतो. तिकडे माल पाठविणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना आकडे व नमस्कार येतात, पण ‘थांबा’ म्हणायची वेळ आली की गाडी अडते. आपल्याकडे एका ‘थांबा’त सारे भागते. स्पॅनिशमध्ये काय थांबवायचे त्यावर शब्द ठरतो.

१) अदब : ‘पारा’ म्हणजे तू थांब, ‘पारे’ म्हणजे आपण थांबा. अनोळखी माणसाशी ‘पारे’च म्हणावे. दक्षिण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रस्त्यावरील लाल पाटीवर ‘पारे’ असते, मेक्सिकोत ‘आल्तो’, तर स्पेनमध्ये चक्क ‘स्टॉप’.

२) क्षणभर थांबविणे : हिशेब करायला उसंत हवी असेल तर ‘उन मोमेंतो, पोर फाबोर’ (एक मिनिट, कृपया) किंवा ‘एस्पेरे’ (वाट पाहा) म्हणावे.

३) पुरे : ‘बास्ता’ म्हणजे पुरे. ऐकायला आपल्या ‘बस’सारखा वाटतो, पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हटल्यास झिडकारल्यासारखे होते. घासाघीस थांबवायची तर ‘आस्ता आकी पुएदो येगार’, म्हणजे ‘मी इथपर्यंतच येऊ शकतो’, असे म्हणावे. यातील ‘आस्ता’ मूळ अरबी ‘हत्ता’ आहे. उर्दू शिकलेल्या बांधवांना ‘हत्ता के’ ठाऊकच आहे, म्हणून हा शब्द लक्षात राहील.

४) माल थांबविणे : खरा नफा-तोटा येथे आहे. ‘तोदाबीआ नो एम्बीए’ म्हणजे अजून पाठवू नका. माल पुढे हवाच आहे. ‘नो एम्बीए मास’ म्हणजे आणखी पाठवू नका. ‘सुस्पेंदा एल पेदीदो’ म्हणजे ऑर्डर तहकूब करा. ‘कान्सेले एल पेदीदो’ म्हणजे ऑर्डर रद्द करा. तहकूब ऑर्डर जिवंत असते. तेव्हा माग थांबवावा, पण त्या ऑर्डरचे सूत दुसऱ्याला देऊन टाकू नये. नवी तारीख लेखी मागून घ्यावी. रद्द ऑर्डरीत मात्र सूत रंगात घालणे त्याच घडीला बंद करावे आणि झालेल्या खर्चाचा हिशेब लगेच पाठवावा.

मोबाइलवर आज भाषांतर मिळते. तरीही तहकूब आणि रद्द यांतला फरक मालकाने व मुनीमाने स्वतः ओळखावा. हे चार शब्द कागदावर लिहून गादीजवळ लावून ठेवावेत.